एका माणसाचं अंतर

बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना ऐकत ऐकत मी म्हातारी झाले. एस.टी. स्टँडवर तीच, रेल्वेच्या फलाटावर तीच. त्यामुळे जगभर लाखो माणसं सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बेवारस डबे शोधत हिंडतात, सापडला की आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवून घरी जातात, हे भाचीने सांगितलं तेव्हा मला आधी पोलीस आठवले. ती काही वर्षं जर्मनीत नोकरीला होती. तिथे या खेळाचं वेड भलतंच आहे. खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि असे तीस लाखांहून जास्त डबे आज पृथ्वीवर दडवलेले आहेत, हे तिने मला पोहे खाता खाता अशा सहजपणे सांगितलं की मला माझ्याच घराच्या माळ्याची शंका आली.

खेळाची जन्मतारीख मात्र गमतीची आहे. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह आकाशात फिरत होते, पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये तिथल्या सरकारने जाणूनबुजून खोट घातलेली होती. सैन्याला अचूक जागा, बाकीच्यांना शंभरेक मीटर इकडेतिकडे. मे 2000 च्या सुरुवातीला ही खोट काढून टाकली. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली, तिच्यात वही-पेन्सिल, काही पुस्तकं, एक बेचकी आणि बीन्सचा डबा ठेवला आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगाला जाहीर केले. सरकारने फसवायचं थांबवल्याबरोबर दुसऱ्या दिवशी लोकांनी एकमेकांना हुलकावण्या द्यायला सुरुवात केली. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या दलदलीत 1854 सालीच एका वाटाड्याने, जेम्स पेरट त्याचं नाव, बाटली ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करायला सुरुवात केली होती, त्यामुळे खोड तशी जुनीच. उपग्रहांनी तिला फक्त आकडे दिले.

साधा डबा शोधणं म्हणजे नुसती पायपीट. खरी रंगत कोड्याच्या डब्यांत. त्यात जाहीर केलेली जागा खोटी असते. खरा डबा तिथून तीनेक किलोमीटरच्या आत कुठेतरी असतो आणि त्याचे निर्देशांक कोडं सोडवून मिळवायचे असतात. कोडं घालणाऱ्यांची आवडती जागा म्हणजे स्मारक. युरोपात गावोगाव पहिल्या महायुद्धाचे स्मारकस्तंभ आहेत. त्यावरची नावं मोजा, तो आकडा ‘अ’. कोनशिलेच्या सालातला शेवटचा अंक ‘ब’. पायऱ्या किती, तो ‘क’. मग ‘अ’ला ‘क’ने गुणा. भाचीने जर्मनीत अशी कितीतरी मेलेली माणसं मोजली होती. नावं वाचायची नसतात का, असं मी विचारलं. “वाचायला लागलं की मोजताना चुकतं गं,” ती म्हणाली.

तिने मग विचारलं, आपल्या गावात असं काही आहे का?

आहे. कोकणातल्या खेड तालुक्यातलं माझं माहेर. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर कोडं फुटेल, आणि या खेळात त्याहून मोठं पाप नाही. तिथल्या जुन्या चावडीच्या जांभ्याच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. लाल, भोकाभोकांच्या चिऱ्यांमध्ये ती एकटीच गुळगुळीत. लपंडावात ज्याच्यावर राज्य यायचं तो त्या पाटीला कपाळ टेकून शंभरपर्यंत मोजायचा. उन्हाळ्यातही ती गार लागायची, म्हणून राज्य घ्यायला फारसं कुणी कुरकुरत नसे. तिच्यावर काय लिहिलंय हे आमच्यापैकी कुणी विचारल्याचं आठवत नाही. इंग्रजी होतं, आणि इंग्रजी सरकारी असतं.

मजकूर असा: या गावातून इतके पुरुष 1914-1919 च्या महायुद्धाला गेले; त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. संपलं. पंजाबपासून कोकणापर्यंत भरती झालेल्या कितीतरी गावांत इंग्रज सरकारने असल्या पाट्या लावल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची माणसं आपल्या 46 जणांची आठवण आजही सांगतात. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. पण बहुतेक ठिकाणी पाटी म्हणजे गाळलेल्या जागा भरा. साचा तयार, दोन रिकाम्या जागांत दोन आकडे. कुणाचं नाव नाही, हे तर उघडच आहे. पण गावाचंही नाव नाही. नुसतं ‘या गावातून’. म्हणजे ही पाटी उपटून उद्या कुणी शेजारच्या गावच्या भिंतीत बसवली तर ती बिनदिक्कत खोटं बोलू लागेल. आपण कुठे आहोत यावरच तिचं सगळं खरेपण उभं. जीपीएसच्या खेळाला याहून चांगला दगड मिळाला नसता, असं भाचीचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

कोडं रचायला बसलो तेव्हा कळलं की कोडं घालणं हे सोडवण्यापेक्षा चिकाटीचं काम आहे. पहिली अट अशी की घरबसल्या उत्तर मिळता कामा नये. गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा आकडा इंटरनेटवर नव्हता, ते ठीक. पण तिसरा अंक तिने सालावरून घेतला आणि मी म्हटलं, हे तर कुणीही सांगेल, युद्ध 1918 ला संपलं. ती हसली. दगडावर 1919 आहे. तोफा नोव्हेंबर 1918 मध्ये थांबल्या, तह जून 1919 मध्ये झाला, आणि या सरकारी पाट्या दुसरं साल धरून चालल्या. शाळेत शिकलेलं साल टाकणारा माणूस भलत्याच झाडाखाली उकरत बसेल; पाटीसमोर उभा राहिलेलाच बरोबर जागी जाईल. हा डाव मला फार आवडला.

मग आकडेमोड. उत्तर 17 अंश, पूर्व 73 अंश हे आमच्या अख्ख्या तालुक्याला लागू. पुढची मिनिटंही गावभर जवळपास तीच. खेळ सगळा दशांश चिन्हापुढच्या तीन अंकांचा. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे 1.85 मीटर. तिने मेलेल्यांचा आकडा नेमका त्या शेवटच्या जागी बसवला होता. म्हणजे पाटीवरचा एक माणूस कमी धरला तर डबा 1.85 मीटर दक्षिणेला सरकणार. मी मनातल्या मनात ते अंतर जमिनीवर मोजलं. आडवा झोपलेला एक उंच माणूस. भाचीला हे बोलून दाखवलं नाही. जीपीएसची स्वतःचीच चूक तीन ते पाच मीटरची असते, एका माणसाने काही बिघडत नाही, असं ती म्हणाली असती आणि ते खरंही होतं.

डबा ठेवायचा तर जमीनमालकाची परवानगी लागते, हा खेळाचा नियम. जागा पंचायतीची. ग्रामसेवकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात गावाला मिळणार काय?” काही नाही. “येणाऱ्याला?” काही नाही, वहीत सही करायला मिळते. “मग येणार कोण?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शेवटी डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘हा खेळाचा डबा आहे, आत फक्त वही आहे’ असं लिहायच्या बोलीवर परवानगी मिळाली, आणि पोलीस पाटलांना आधी दाखवायचा. दाखवला. त्यांनी उघडून वहीत पहिली सही केली, जे नियमात बसत नव्हतं.

पंचायतीतून बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, पाटीचं विचारायचं तर आबांना विचारा. आबा म्हणजे निवृत्त सुभेदार. सहाणेसमोर त्यांचं घर. शिमग्यात पालखी सहाणेवर बसते तेव्हा मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांना ते घराण्यांची नाती समजावून सांगतात, आणि पोरं मोबाइल बघतात. आम्ही ओटीवर बसलो. “आबा, पाटीवर आकडा आहे, ती माणसं कोण?” असं विचारल्यावर ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले आणि मग वाडीवाडीने सुरू झाले. खालच्या वाडीतले, मधल्या वाडीतले, मोहल्ल्यातले, बौद्धवाडीतले. कुणाचा पणजा, कुणाच्या आजीचा पहिला नवरा. “बसऱ्याला गेले ते गेले,” हे प्रत्येक नावापाठी.

बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. पहिल्या महायुद्धातली हिंदी फौज सर्वांत जास्त तिथेच खपली. कूत अल-अमारा या गावात टाउनशेंड सेनापतीची डिव्हिजन 147 दिवस तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. घोडे मारून खायची पाळी आली. धर्म जाईल म्हणून बऱ्याच शिपायांनी सुरुवातीला ते मांस तोंडाला लावलं नाही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि वाचलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं. कोकणातल्या भातखाचरात वाढलेली पोरं. पुढे 117 व्या पलटणीला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. आबांना ती तोंडपाठ होती. बाकीचं त्यांनी फार बोलून दाखवलं नाही.

भाचीचं डोकं तोवर चालू झालं होतं. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाची नोंदवही आता संगणकावर शोधता येते. हिंदी शिपायांच्या नोंदींत बऱ्याच वेळा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. तिने रात्री आमच्या गावाचं नाव टाकलं. काही नाही. मग स्पेलिंग बदलून बघितलं. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या कारकुनाला ऐकू आलं असेल तसं, शेवटचा ‘ई’ उडवून, ‘व’च्या जागी डब्ल्यू, ‘ळ’च्या जागी आर. माझ्या दृष्टीने सगळ्या खेळातलं हेच खरं कोडं होतं, आणि त्याला कुणी डबा ठेवलेला नव्हता. आमच्या गावाला इंग्रजीत किती नावं आहेत हे त्या रात्री कळलं. एकेक करून माणसं सापडत गेली, आणि बहुतेकांपुढे एकच जागा: बसरा मेमोरियल.

या बसरा स्मारकाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून जास्त सैनिकांसाठी ते 1929 मध्ये उभारलं. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपाई मात्र पलटणीगणिक आकड्यात: अमुक पलटणीचे अमुक इतके. फ्रान्समध्ये नव-शापेल इथे 1927 साली जे हिंदी स्मारक झालं तिथे शिपायांची नावं आहेत. इराकमध्ये ती काटकसर चालून गेली. म्हणजे आमच्या चावडीवरच्या पाटीचा साचा बसऱ्यातही तोच, फक्त भिंत लांबलचक. 2021 मध्ये आयोगाने स्वतःच अहवाल काढून या दुजाभावाबद्दल माफी मागितली. आणखी एक गोष्ट भाचीला कुठल्याही माफीपेक्षा जास्त भावली. हे अख्खं स्मारक 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने गोदीजवळच्या मूळ जागेवरून उचललं आणि नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटर लांब, आखाती युद्धातल्या रणभूमीच्या मध्यभागी नेऊन पुन्हा मांडलं. “मावशी, स्मारकाचे निर्देशांकच बदलले,” ती थक्क होऊन म्हणाली. आमच्या गावची माणसं एकदा मेली आणि एकदा हलवली गेली, असं मी म्हटलं. ती म्हणाली, माणसं कुठे, आकडाच हलला.

अडचण यापुढे आली. नोंदवहीत सापडलेली नावं पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी भरली. आबांनी सांगितलेली जास्त. किती कमी, किती जास्त हे लिहिलं तर पुन्हा उत्तर फुटेल, म्हणून नुसतं एवढंच सांगते की तीन हिशेब तीन तऱ्हेचे निघाले. कारणं शोधली तर प्रत्येक हिशेब आपापल्या जागी बरोबर. नोंदवहीला ऑगस्ट 1914 ते ऑगस्ट 1921 या मुदतीत नोकरीत किंवा नोकरीमुळे मेलेला माणूस लागतो, आणि त्याच्या गावाचं नाव आम्हाला ओळखता येईल असं लिहिलेलं असावं लागतं. पाटीला पाटलाने कचेरीत दिलेला आकडा पुरतो. आबांच्या यादीत नाव कापून घरी आलेला आणि 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, गेलेला एक आहे. फौजेतून सुटला होता, म्हणून तो सरकारच्या खात्यावर मेला नाही. बोटीवर खलाशी होता आणि बोटीबरोबर बुडाला असाही एक आहे. त्याचं स्मारक असलंच तर मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी सदनात असेल, जिथे समुद्रात गेलेल्यांची नावं लावली आहेत. शिपाई नव्हता, म्हणून इथल्या पाटीने त्याला धरलं नसावं. आबा म्हणाले, “गेले तर एकाच साली. आम्ही कसं वेगळं करणार?”

मला त्या आकड्याचा राग येत होता, हे खरं. नावं लिहायला काय जात होतं, असं. पण आबांची वाडीवाडीची उजळणी डोक्यात घोळत राहिली आणि रागाला एक फाटा फुटला. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि काम झाल्यावर 1921 पर्यंत मोडूनही टाकली. युद्ध संपून दहा वर्षं व्हायच्या आत, 20 मार्च 1927 ला, आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या काळात गावाने नावांची यादी कोरली असती तर कशी कोरली असती? वर कोण, खाली कोण, मध्ये रेघ किती जाड? आमच्या गावाने ज्यांना एका पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांना त्या इंग्रज कारकुनाच्या बेरजेने एका आकड्यात बसवलं. त्याचा हेतू समतेचा होता असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला दगड वाचवायचा होता. तरीही मोहल्ला, बौद्धवाडी आणि मराठ्यांच्या वाड्या ज्या एका ओळीत एकत्र आहेत अशी आमच्या गावात ती बहुधा सर्वांत जुनी ओळ आहे. नावं नाहीत म्हणून आहे. हे मला पटतंही आणि चावतंही.

देवळाच्या मागे, राईच्या तोंडाशी, एक वीरगळ आडवा पडलेला असतो. भाचीने तोही कोड्यात घेतला. खालच्या चौकटीत तलवार उगारलेला माणूस, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर पिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. प्रश्न असा: चौकटी किती? गुरव म्हणाला, शेंदराखाली आणखी एक चौकट आहे असं त्याचे वडील सांगत. भाचीने कपाळाला हात लावला. या वीराचंही नाव कुठे नाही. त्याला निदान ढाल आहे, कमरेला शेला आहे, मिशाही असाव्यात. आठशे वर्षांपूर्वीचा पाथरवट एका माणसासाठी एवढं खपला, आणि पाटी कोरणाऱ्याला एवढ्या माणसांसाठी दोन अंक पुरले. दोघांतला कोण जास्त प्रामाणिक, यावर आम्ही परतीच्या पाखाडीवर वाद घातला. चढ असल्यामुळे तो लवकर मिटला.

तरी कोड्याला उत्तर एकच लागतं. भाची तीनही हिशेब मांडून बसली आणि शेवटी म्हणाली, पाटीवरचाच आकडा घ्यायचा. तो कुणालाही जाऊन बघता येतो, आबा नसले तरी. मी म्हटलं, मग खलाशी आणि मानमोडीवाला दोघे बाहेरच राहिले. ती म्हणाली, खेळात न्याय नसतो, पडताळा असतो. हे तिचं बरोबर आहे. तरी जाता जाता मी एक मागणी रेटली: पाटीपासून निघालेल्या माणसाने डब्याकडे जाण्याआधी सहाणेसमोरून गेलंच पाहिजे अशी वाट आखायची. तिने नकाशा फिरवून ती आखली. डबा जिथे आहे तिथे जायला सोपी पायवाट दुसरी आहे, आणि ती माहीत झाल्यावर लोक तिनेच जातील हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

राहिली सूचना. प्रत्येक डब्यासोबत अडलेल्यासाठी एक ओळ द्यायची पद्धत असते. ती उघड वाचता येऊ नये म्हणून खेळाचं संकेतस्थळ इंग्रजी अक्षरं तेरा-तेरा घरं पुढे सरकवून दाखवतं. ए-च्या जागी एन, बी-च्या जागी ओ. मी सांगितलेली ओळ भाचीने टंकली: ‘आबांच्या ओटीवर बसा, चहाला नाही म्हणू नका, आणि पाटीवर नसलेले दोघे कोण ते विचारा.’ बटण दाबलं, तर ओळ होती तशीच राहिली. देवनागरीला ते यंत्र हात लावत नाही. “अगं, ही तर सगळ्यांना दिसणार,” भाची म्हणाली, “मराठी येणाऱ्याला फुकटात.”

“दिसू दे,” मी म्हटलं. “एखादा जर्मन आला तर त्याला लागू दे की थोडी मेहनत.”